बारा गाड्यांची गल्ली

आमच्या गल्लीत कोणाला गाडी घ्यायची असली की आधी मला विचारायची पद्धत होती. मुलगी पाहायला जाताना घरातलं जाणतं माणूस सोबत नेतात, तसं मला दुकानात न्यायचे. मी बॉनेट उघडायचो, खाली वाकून बघायचो, मान हलवायचो. मग व्यवहार ठरायचा. मी कोळशाच्या खुल्या खाणीत चौतीस वर्षं डंपर दुरुस्त केले. घराएवढ्या डंपरचं ज्याला कळतं त्याला चार माणसांच्या गाडीचं कळणारच, असं लोक धरून चालायचे. मीही तसंच धरून चालायचो.

सारिकाच्या जुन्या पेट्रोल गाडीला पंधरा वर्षं झाली आणि ती भंगारात द्यायची वेळ आली, ती गोष्ट दोन हजार चाळीसच्या मार्चमधली. सारिका माझी मुलगी. मूल गावातल्या डायलिसिस केंद्रात तंत्रज्ञ आहे. चंद्रपूरहून मूल जवळजवळ पन्नास किलोमीटर, आणि त्यातला निम्मा रस्ता जंगलातून. रोज जायचं, रोज यायचं. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच.

"बाबा, मी इलेक्ट्रिक घेते," ती म्हणाली. "सगळ्या गल्लीकडे आहे. साखळीत एक गाडी वाढेल."

साखळी म्हणजे काय ते इथे सांगायला हवं. तोवर आमच्याकडची बहुतेक वीज उन्हावर तयार होऊ लागली होती. दुपारी दोनला ती उतू जायची. पण चार वाजता ऊन कलायला लागलं की वीज कमी, आणि तापलेल्या भिंतींमुळे कूलर आणि एसी मात्र जोरात. चार ते सात हे तीन तास वाईट. त्यावर उपाय म्हणून गाड्या. इलेक्ट्रिक गाडीच्या पोटात मोठी बॅटरी असते, साठ युनिटची. एका घराला आठवडाभर पुरेल एवढी. गाडी दारात उभी असताना तिला तार जोडून ठेवायची. दुपारी ती भरते आणि चारनंतर थोडी वीज गल्लीच्या डीपीला, म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरला, परत देते. कोणत्या गाडीतून किती घ्यायची ते साखळी नावाचा प्रोग्राम ठरवतो. आमच्या डीपीवर वीस घरं. त्यात बारा इलेक्ट्रिक गाड्या होत्या. कडक उन्हाच्या दिवशी गल्लीला साठेक युनिट कमी पडायचे, म्हणजे एका गाडीमागे पाच. साठातले पाच गेले तर गाडीवाल्याला पत्ताही लागत नसे. पुष्कळशी विरजणासारखी गोष्ट. आज तुमच्याकडून, उद्या आमच्याकडून.

हायब्रिडचं वेगळं. तिला पेट्रोलचं इंजिन असतं आणि सोबत एक छोटी बॅटरी. ब्रेक मारला, उतार लागला की ती बॅटरी आपोआप भरते. तिला तार लागत नाही. साखळीला तिच्यातून काही घेता येत नाही आणि तिलाही साखळीचं काही लागत नाही. टाकीत पेट्रोल असलं की निघायचं.

दुकानदाराने सारिकाला इलेक्ट्रिक गाडी महिनाभर वापरून पाहायला दिली. पंचवीस दिवस सगळं छान गेलं. सव्विसाव्या दिवशी तिची सुट्टी होती. पारा सत्तेचाळीसवर. एप्रिलच्या सुरुवातीलाच. तिने साखळीला सांगून ठेवलं होतं की गाडी उद्या सकाळी सातला हवी. साखळीला तेवढंच माहीत. त्या दिवशी शहरभर विजेची आणीबाणी जाहीर झाली होती, साखळीने सकाळपासून गाडीतून जवळजवळ सगळं उपसलं, रात्रीतून परत भरू म्हणून. आणि साडेचारला मूलहून फोन आला, दुसरी तंत्रज्ञ चक्कर येऊन पडली, ताबडतोब या. सारिका आहे तशी निघाली. एसी बंद करून, हळूहळू. मूल नऊ किलोमीटर राहिलं असताना जंगलातल्या वळणावर गाडी थांबली. शेजारी वाघाची पाटी. सत्तर मिनिटं माझी पोरगी त्या बंद गाडीत बसून होती, काच बोटभर खाली करून.

"चूक माझीच, बाबा," घरी आल्यावर ती म्हणाली. ओठ फुटले होते. "पन्नास टक्क्यांच्या खाली जाऊ नको असं सांगून ठेवायला पाहिजे होतं मी. ती सोय असते."

"आणि तिकडे पेशंट?"

"एका बाईचं दीड तास उशिरा सुरू झालं. निभावलं."

"हायब्रिड घ्यायची," मी म्हटलं.

"बाबा—"

"तुझा रस्ता, तुझी गाडी. तिची चावी डीपीच्या हातात द्यायची नाही."

ती गप्प बसली. माझ्या बोलण्यापुढे गल्ली गप्प बसायची, ती तर माझी मुलगी.

एकच माणूस गप्प बसला नाही. वामन धोटे. तीन घरं सोडून राहायचा. खाणीत तीस वर्षं आम्ही एकाच पाळीत होतो. मी वाकून काम करायचो, तो आडवा होऊन. त्यामुळे जास्त धूळ त्याच्या छातीत गेली असं तो म्हणायचा. आता त्याच्या नाकाला नळी होती आणि खाटेशेजारी हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र दिवसरात्र घरघरत असायचं.

"दौलत, तू येडा झाला का बे?" नवी गाडी दारात आल्यावर तो म्हणाला. त्याची बायको कौसल्या, मी त्यांना वैनी म्हणतो, चहा घेऊन आल्या होत्या. "पोरगी एक डाव अडकली तर तू साखळीच तोडली."

"मी माझी एक गाडी घेतली. बाकीच्यांना काय सांगितलं का मी?"

"तुले सांगाले लागते का? तू घेतली म्हंजे झालं."

"तू चालवत नाहीस, म्हणून तुला सोपं आहे बोलणं."

ते खरं होतं. वामनला गाडी चालवता येत नव्हती, पाच वर्षं झाली होती. पण त्याची इलेक्ट्रिक गाडी अंगणात तार लावून उभी असायची. त्याने साखळीला लिहून दिलं होतं की माझ्या गाडीला राखून ठेवायची मर्यादा नाही, लागेल तेवढं घ्या.

"मी कोठं जातो?" तो म्हणायचा. "माहं कुलूप हाय ते. लटकू दे."

कुलपाची गोष्ट आमच्या दोघांची. खाणीत नियम होता. डंपरखाली शिरण्याआधी प्रत्येक फिटरने बॅटरीच्या मुख्य खटक्याला स्वतःचं कुलूप लावायचं. चौघं खाली असतील तर चार कुलपं. वर कोणाला कितीही घाई असो, शेवटचं कुलूप निघेपर्यंत मशीन सुरू होत नाही. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. एकदा वामन आपलं कुलूप घरी विसरला आणि माझ्या कुलपाच्या भरवशावर खाली गेला. माझं काम संपलं. पाळीही संपली. फोरमन शिव्या देत होता. मी कुलूप काढलं नाही. तीन तास खटक्यापाशी बसून राहिलो, वामन बाहेर येईपर्यंत. त्या दिवसावरून मी एक गोष्ट शिकलो, की आपलं कुलूप दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही. वामन त्याच दिवसावरून काय शिकला हे मी त्याला कधी विचारलं नाही.

पुढचं एक वर्ष असं गेलं की वामन बोलला ते खरं होत गेलं. शेजारच्या टेंभुर्णे गुरुजींनी गाडी बदलली, हायब्रिड घेतली. मी काही बोललो नव्हतो. दुकानात सोबतही गेलो नव्हतो. "मिस्त्रीच्या पोरीकडे आहे ती," एवढंच त्यांनी दुकानदाराला सांगितलं. मग डाखोरे, मग कोपऱ्यावरची दोन घरं. इलेक्ट्रिक गाड्या बारावरून दहा झाल्या तेव्हा एका गाडीमागे सहा युनिट जाऊ लागले. आठ झाल्या तेव्हा साडेसात. पाच झाल्या तेव्हा बारा. जो उरला त्याच्यावर जास्त ओझं, म्हणून तोही विचार करायला लागला. एक गेला की दुसऱ्याला जायला आणखी कारण. दुसऱ्या वर्षीच्या मार्चपर्यंत गल्लीत तीन उरल्या. त्यातली एक वामनची.

लाईनमन इरफान शेख एक दिवस माझ्याकडे आला. पन्नाशीचा माणूस, माझ्या ओळखीचा.

"मिस्त्री, लोक तुमचं ऐकतात. या उन्हाळ्यात तुमची डीपी नाही टिकायची."

"मोठी डीपी बसवा."

"डीपी मोठी बसवेन हो. त्यात ओतू काय?"

"मग कचेरीने बॅटऱ्या आणाव्यात."

"कचेरीने त्याच तर तुमच्या दारात ठेवल्या होत्या," इरफान म्हणाला. "चाकं लावून."

मी हसलो. तो हसला नाही. पाणी पिऊन निघून गेला.

मे महिन्यात लाट आली. आठ दिवस पारा अठ्ठेचाळीसच्या खाली उतरला नाही. नवव्या दिवशी, मंगळवारी, मी दुपारी कूलरसमोर बसलो होतो. चार वाजले, साडेचार वाजले, वीज होती. मला आठवतं, मी मनात म्हटलंही होतं, इरफान उगाच घाबरवतो. टिकली की डीपी.

पाच पस्तीसला कूलरचा पंखा सावकाश फिरत थांबला.

गल्ली एकदम शांत झाली. इतकी शांत, की तीन घरं पलीकडून वामनच्या यंत्राचा इशाऱ्याचा आवाज ऐकू आला. टीं, टीं, टीं. मी चप्पल न घालता धावलो. अंगणातल्या फरशीने पाय भाजले.

यंत्राला जोडबॅटरी होती, दीड तासाची. पण त्या खोलीत बेचाळीस डिग्री होतं आणि बॅटरी चार वर्षांची. पंधरा मिनिटांत ती बसली. वैनीने सिलिंडरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, चाळीस जण रांगेत आहेत. रुग्णवाहिकेने सांगितलं, एक तास तरी.

"गाडी!" मी ओरडलो. "वैनी, वामनच्या गाडीतून तार ओढू. साठ युनिट आहेत, आठवडाभर चालेल यंत्र."

मी अंगणात गेलो. गाडीच्या काचेमागे आकडा दिसत होता. शून्य.

टेंभुर्णे गुरुजी धावत आले. बाकीच्या बहुतेक गाड्या कामावर गेलेल्या, त्यांची दारात होती. आम्ही वामनला चादरीत उचलून त्यांच्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं. डोकं माझ्या मांडीवर. वैनी पुढे बसल्या. गुरुजींनी बटण दाबलं आणि गाडी लगेच सुरू झाली. गार हवा लागली. पेट्रोलचा काटा भरलेला. मी स्वतः निवडली असती अशी गाडी.

चौकात आलो आणि थांबलो. सिग्नल बंद. नुसती आमची गल्ली गेली नव्हती. त्या संध्याकाळी शहरात एकशे अकरा डीपी पडल्या असं नंतर कळलं. प्रत्येक गल्लीत माझ्यासारखा एक मिस्त्री असणार. चारी बाजूंनी गाड्या आत घुसल्या होत्या आणि कोणाची पुढे सरकत नव्हती. सगळ्यांची इंजिनं चालू, सगळ्यांच्या काचा वर. गुरुजी हॉर्न वाजवत राहिले. मी उतरून दोन गाड्यांच्या काचा ठोकल्या. एकाने हात पसरून दाखवलं, जाऊ कुठे?

परत येऊन वामनचं डोकं मांडीवर घेतलं. ओठ निळे झाले होते.

"थंड हाय रे," तो म्हणाला.

"बोलू नको."

"गाडी चांगली हाय." मग बराच वेळ तो श्वासच शोधत राहिला. "तूच पाहून देल्ली का?"

"हो," मी म्हटलं. पाहून दिली नव्हती. पण हो म्हणालो.

त्याने मान हलवली, खाणीत काम नीट झालं की हलवायचा तशी. दवाखाना तिथून सातशे पावलांवर होता. कोंडी सुटून आम्ही दहा मिनिटांनी पोचलो तेव्हा डॉक्टरांनी फक्त मनगट धरून पाहिलं.

सारिका साडेसातला घरी आली. जंगलाच्या रस्त्याने, कुठेही न थांबता. तिने त्या दिवशी तिघांचं डायलिसिस पूर्ण केलं होतं. मी ओट्यावर बसलो होतो. ती शेजारी बसली.

तेरावं झाल्यावर इरफान आला. मी त्याला म्हटलं, त्या दिवसाची नोंद मला दाखव. तो नको म्हणत होता. मी हट्ट धरला. त्याने मोबाईल माझ्या हातात दिला. मी अक्षरं उशिरा शिकलो, त्यामुळे अजून ओळीखाली बोट ठेवून वाचतो. त्या दिवशी मी प्रत्येक ओळीवर बोट ठेवलं.

गल्लीत तीन इलेक्ट्रिक गाड्या. दोन गाड्यांचे मालक त्या दिवशी कामावरून वेळेवर परतले नव्हते. उरली एक. तिला मर्यादा नव्हती. पावणेचार ते पाच पस्तीस, त्या एका गाडीने गल्लीला लागणारी सगळी जादा वीज दिली. अठ्ठावन्न युनिट. खाली घरांची यादी होती, कोणाकडे किती गेली. टेंभुर्णे, तीन. डाखोरे, चार. दौलत कुळमेथे, साडेतीन.

"साखळीला कळत नाही का, की त्या घरात श्वासाचं यंत्र आहे?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर कळलं असतं. त्यांनी सांगितलं नाही." इरफान मोबाईल खिशात घालत म्हणाला. "मी दोनदा फॉर्म घेऊन आलो होतो. म्हणाले, मग माझी गाडी माझ्यापुरती राखून ठेवाल. ते नको. बारा जणांत काही होत नाही, म्हणाले."

बारा जणांत काहीच होत नव्हतं.

मी वैनीकडे गेलो. त्यांचा जावई गाडी विकायचं म्हणत होता.

"विकू नका," मी म्हटलं. "अंगणात राहू द्या. मी तिचं बघतो."

वैनी गाडीकडे न बघता बोलल्या. "राहू द्या, भाऊजी. पण तार तुम्हीच लावत जा. माह्याच्यानं ती हातात धरवत नाही."

घरी येऊन ट्रंकेतून माझं खाणीतलं कुलूप काढलं. तार गाडीला जिथे जोडतात तिथे मुठीला एक भोक असतं. त्यात ते अडकवलं, म्हणजे तार दुसऱ्या कोणाला काढता येणार नाही. मग गल्लीत दारोदार फिरलो. चाळीस वर्षांत मी कोणाच्या दारी न बोलावता गेलो नव्हतो. प्रत्येकाला सांगितलं, माझं चुकलं, पुढची गाडी इलेक्ट्रिक घ्या, तार लावून ठेवा. सगळ्यांनी नीट ऐकलं. बसायला दिलं, चहा दिला.

"पटतंय, मिस्त्री," टेंभुर्णे गुरुजी म्हणाले. त्यांनी त्या दिवसापासून गाडीच्या मागच्या सीटवर कोणाला बसवलं नव्हतं. "अगदी पटतंय. पण एक विचारू? रागावू नका. सारिका कोणती चालवते?"

मी घरी येऊन सारिकाला सांगितलं. ती डबा धूत होती.

"बदलते मी, बाबा. खरंच बदलते. पण आधी दहा-अकरा होऊ द्या गल्लीत. बाकी दोघांचा चारला भरवसा नाही. आत्ता घेतली तर वामनकाकांची आणि माझी, दोनच गाड्यांवर सगळी गल्ली. मग चारला फोन आला तर मी मूलला कशी जाऊ?" तिने नळ बंद केला. "तिथे मशीनवर माणसं असतात."

तिचं चूक नव्हतं. हेच मी तिला शिकवलं होतं. आणि पंधरा घरांत हेच वाक्य मी ऐकून आलो होतो, थोड्या वेगळ्या शब्दांत. प्रत्येक जण अकरावा व्हायला तयार होता.

यंदाच्या मे महिन्यातही लाट आली आहे. मी दुपारी साडेतीनला माझा कूलर बंद करतो, डोक्याला ओला गमछा बांधतो आणि वामनच्या अंगणात गाडीशेजारी खुर्ची टाकून बसतो. वैनी आतून पाण्याचा तांब्या आणून ठेवतात. पावणेचारला गाडीतून बारीक गुणगुण सुरू होते. काचेमागचा आकडा हलतो. साठ. एकोणसाठ. गल्लीतले सगळे कूलर ऐकू येतात, भिंतीपलीकडचे, समोरचे, कोपऱ्यावरचे. अठ्ठावन्न. माझ्या हाताखाली कुलूप तापलेलं असतं. चटका बसतो तरी मी हात काढत नाही.

काल आकडा अकरावर असताना सारिकाची गाडी गल्लीत शिरली. रस्त्यात कुठेही न अडकता, अगदी वेळेवर. तिने काच खाली करून माझ्याकडे पाहिलं, मग आकड्याकडे. गाडी दारात लावली, आत गेली, आणि थोड्या वेळाने आमच्या घरातला कूलर सुरू झाल्याचा आवाज आला.

दहा.